निमकरांचं नको-नको

चंद्रहास निमकरला जपानात येऊन सहा वर्षं झाली होती आणि या सहा वर्षांत त्याला कोणीही दुसऱ्यांदा चहा विचारला नव्हता. यात जपानी माणसाचा काडीचा दोष नाही. तो चहा विचारतो, अगदी वाकून विचारतो. पण चंद्रहास पडला कोथरूडचा, त्यातून निमकर. निमकरांच्या घरात मूल बोलायला लागलं की त्याला पहिला शब्द ‘आई’ शिकवतात आणि दुसरा ‘नको’. कोणाकडे गेलं, समोर लाडू आला, की एकदा ‘नको’ म्हणायचं. आग्रह झाला की ‘अहो, खरंच नको’ म्हणायचं. तिसऱ्यांदा ‘तुम्ही काही ऐकणार नाही’ असा चेहरा करून दोन उचलायचे. दोन्ही पक्षांना हा व्यवहार तोंडपाठ असतो, म्हणून आजवर एकही निमकर उपाशी राहिलेला नाही. जपानात मात्र पहिल्या ‘नको’ला समोरचा माणूस क्षमा मागतो आणि चहा परत घेऊन जातो.

चहापर्यंत ठीक होतं. गेल्या वर्षी त्याचे साहेब मोरीवाकी-सान यांनी त्याला बाजूला घेऊन ओसाकाच्या प्रोजेक्टचा प्रमुख होणार का, असं विचारलं. चंद्रहासच्या मनात उकळ्या फुटल्या आणि तोंडातून निघालं, “नको, नको. माझ्याहून लायक माणसं आहेत.” मोरीवाकी-सान वाकले, लायक माणूस शोधायला निघून गेले आणि त्यांना तो पुढच्याच टेबलाशी सापडला. सुशील कामेरकर. सुशील डोंबिवलीचा. तो प्रश्न संपायच्या आत ‘हो’ म्हणतो आणि काय विचारलं ते नंतर विचारतो.

आता या वर्षीचा प्रसंग मोठा होता. मोरीवाकी-सान मार्चमध्ये निवृत्त होणार होते आणि आपल्या खुर्चीसाठी नाव तेच सुचवणार होते. चंद्रहासचा करारही मार्चमध्येच संपत होता. खुर्ची मिळाली तर राहायचं, नाहीतर निशी-कसाईतल्या फ्लॅटमधला गाशा गुंडाळून पुण्याला परत. स्वतः चंद्रहासला पुण्याचं भय नव्हतं. पण मुलगी तन्वी इथल्या शाळेत आठवीत होती, शाळेच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवत होती, आणि मराठीत विचारलेल्या प्रश्नाला जपानीत उत्तर देत होती. परत जाण्याचा विषय निघाला तेव्हा ती मात्र मराठीत बोलली. “बाबा, तिकडे मला कोण ओळखतं?” एवढंच. त्यानंतर तो विषय घरात कोणी काढला नाही, आणि चंद्रहासला मात्र तो दिवसातून दहादा आठवायचा.

“भीड ही भिकेची बहीण,” चैत्रालीने एका रविवारी जाहीर केलं. ती त्याची बायको असल्यामुळे घरात कायदे तीच करते. “उद्यापासून जो कोणी जे काही विचारेल त्याला पहिल्या फटक्यात हो म्हणायचं. जपानीत ‘हाय’ म्हणायचं. दोन अक्षरं आहेत, जमेल तुला.”

सोमवारी सकाळी मोरीवाकी-सान त्याच्या टेबलापाशी आले. “निमुकारु-सान, गोल्फ खेळता का?”

“हाय,” चंद्रहास म्हणाला.

त्याने आयुष्यात गोल्फची काठी हातात धरली नव्हती. एका गोल्फ क्लबच्या हिरवळीवर झालेल्या लग्नात तो एकदा जिलबी खाऊन आला होता, एवढाच काय तो संबंध. पण बाण सुटला होता. कंपनीच्या आशियातल्या कचेऱ्या आणि युरोपातल्या कचेऱ्या यांच्यात दर वर्षी गोल्फची लढत होते. दोन खंड, बारा-बारा खेळाडू, एकास एक असे बारा सामने. आशिया खंड ओळीने सात वर्षं हरत आला होता. यंदा सामने जपानात, त्सुकुबाच्या पलीकडच्या एका मैदानावर होणार होते, आणि मोरीवाकी-सान आशियाचे कप्तान होते. त्यांची ही शेवटचीच लढत. बाराव्या खेळाडूची पाठ आखडली होती आणि हातात सहा आठवडे होते.

पहिला प्रश्न काठ्यांचा. नवा सेट घ्यायला चैत्रालीने साफ नकार दिला. “हो म्हण म्हटलं होतं, खरेदी कर म्हटलं नव्हतं.” दोन दिवसांनी चंद्रहास सकाळी ओला कचरा टाकायला खाली उतरला, तर कचऱ्याच्या खोलीबाहेर एक निळी गोल्फ बॅग उभी. आत अकरा काठ्या. बॅगेवर स्टिकर. इथे मोठी वस्तू टाकायची तर फोन करून तारीख घ्यावी लागते, स्टिकर आणून चिकटवावं लागतं, मग नेमलेल्या दिवशी गाडी येऊन ती घेऊन जाते. चंद्रहासने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. चांगली वस्तू कचऱ्यातून उचलणं ही चोरी नव्हे, तो त्या वस्तूचा उद्धार आहे, असं त्याला मनापासून वाटलं. शिवाय ती कोणी देऊ करत नव्हतं, त्यामुळे नको म्हणायचा प्रश्नच नव्हता.

सरावाचं मैदान म्हणजे हिरव्या जाळीत गुंडाळलेली तीन मजली गच्ची. प्रत्येकाला एक खण, पायाशी चटई, चटईतून चेंडू आपोआप वर येतो. चंद्रहासच्या लक्षात आलं की आपल्या काठीचं चपटं तोंड उलट्या बाजूला आहे. त्यावरून त्याने असा निष्कर्ष काढला की आपणच उलट्या बाजूने उभं राहायचं असतं. परिणामी रांगेतले सगळे लोक एका दिशेला तोंड करून आणि हा एकटा पलीकडच्या खणातल्या सद्गृहस्थांच्या थेट तोंडासमोर. दोघांची नजरानजर झाली. ते वाकले. हाही वाकला. पुढच्या चेंडूला पुन्हा नजरानजर, पुन्हा वाकणं. दहा दिवस दोघांनी गोल्फ कमी आणि नमस्कार जास्त केले. त्या गृहस्थांनी शेवटपर्यंत तोंडातून शब्द काढला नाही.

अकराव्या दिवशी सुशील गंमत बघायला आला आणि बघता क्षणी म्हणाला, “अरे, या डावखुऱ्याच्या काठ्या आहेत.”

“मला माहिती आहे,” चंद्रहास म्हणाला. माणसाला अब्रू असते.

तोवर त्याचा चेंडू बऱ्यापैकी पुढच्या दिशेने जायला लागला होता. आता उजवीकडे वळून पुन्हा श्रीगणेशा करण्यापेक्षा डावखुरं होणं सोपं, असं त्याने ठरवलं. चैत्रालीने फक्त एक अट घातली, की जेवताना उजवा हात.

इकडे शेजारपाजाऱ्यांना वास लागला. महाराष्ट्र मंडळाच्या विभाताईंनी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं की आपले चंद्रहास निमकर आशियाच्या टीममध्ये निवडले गेले आहेत. संध्याकाळपर्यंत तो आशियाचा कप्तान झाला होता. दुसऱ्या दिवशी पुण्याहून मामांचा फोन, की सामना कोणत्या चॅनेलवर आहे, आणि जमलं तर दोन शब्द मराठीत बोल. विभाताईंनी स्वतः येऊन कपालभाती शिकवली. सुशीलने सांगितलं, “हात सैल, कंबर घट्ट.” चौथ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी सांगितलं, “कंबर सैल, हात घट्ट.” चंद्रहासने दोघांचा मान राखण्याचा प्रयत्न केला आणि तीन दिवस त्याला मोजे घालता आले नाहीत.

त्यातच चैत्रालीचे वडील सदानंदराव तीन महिन्यांसाठी मुलीकडे आले. नगरपालिकेच्या रस्ते खात्यातून निवृत्त झालेला माणूस. त्यांना खेळ समजावून सांगितला. “म्हणजे अठरा खड्डे,” ते म्हणाले. “जावईबापू, आम्ही तीस वर्षं खड्डे बुजवले. हे लोक झेंडा लावून ठेवतात?”

एक दिवस लिफ्टमध्ये नोटीस लागली. सोबत हाताने काढलेलं, रंग भरलेलं चित्र. निळी गोल्फ बॅग, नोंदणी क्रमांक अमुक, ठरल्या दिवशी जागेवर नव्हती. गाडीच्या कर्मचाऱ्यांना चार मिनिटं थांबावं लागलं. कोणास काही माहिती असल्यास सोसायटीचे अध्यक्ष हामागुची-सान यांच्याशी संपर्क साधावा. ‘चार मिनिटं’ हे शब्द लाल शाईत होते.

चंद्रहासने नोटीस तीनदा वाचली. चोरीच्या आरोपावरून खुर्ची जायची ती जाईलच, व्हिसाही जाईल. सदानंदरावांनी मात्र बाह्या सरसावल्या. त्यांचं म्हणणं, यात घाबरण्यासारखं काही नाही, नियमित करून घ्यायचं. एक अर्ज द्यायचा. दोघं वॉर्ड ऑफिसात गेले. खिडकीतल्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मग आतून एका वरिष्ठांना आणलं, त्यांनी आणखी एका वरिष्ठांना. तिघांनी मिळून खेदाने सांगितलं की वस्तू टाकण्याचा अर्ज आहे, टाकणं रद्द करण्याचाही अर्ज आहे, पण दुसऱ्याने टाकलेली वस्तू न टाकली जाण्याचा अर्ज नाही. टाकणं रद्द करायचं तर मूळ मालकाची सही लागेल. सदानंदराव बाहेर येऊन म्हणाले, “काय सुंदर ऑफिस आहे.”

शेवटी चंद्रहास बॅग घेऊन हामागुची-सानांच्या दारात जाऊन उभा राहिला. एक्क्याऐंशी वर्षांच्या त्या गृहस्थांनी बॅग पाहिली, चंद्रहासला पाहिलं आणि कमरेत वाकून माफी मागितली. बॅग त्यांचीच होती. आपल्या कचऱ्यामुळे चंद्रहासला एवढा त्रास झाला, हे त्यांच्या मनाला फार लागलं. त्यांनी तिथल्या तिथे सही केली. मग आत जाऊन गोल्फचे बूट आणले, जवळजवळ नवे, चंद्रहासच्याच मापाचे. “हेही घ्याल का?”

“छे छे, नको,” चंद्रहास म्हणाला. इतक्या आठवड्यांची तालीम एका क्षणात पाण्यात गेली. हामागुची-सान पुन्हा वाकले आणि बूट आत घेऊन गेले. चैत्रालीने हे ऐकल्यावर दोन दिवस त्याच्याशी फक्त ‘हाय’ एवढंच बोलणं ठेवलं.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी चौघंही मैदानावर हजर झाले. कंपनीने कुटुंबांनाही बोलावलं होतं. त्सुकुबा स्टेशनहून क्लबची बस होती आणि परतीची बस पाच चाळीसला होती, हे ओनुकी-सानांनी प्रत्येकाला तीनदा सांगितलं. ओनुकी-सान म्हणजे ऑफिसच्या सेक्रेटरी. त्यांच्या हातात छापील कार्यक्रमपत्रिका नसेल तर त्यांना श्वास घेता येत नाही असं म्हणतात.

चंद्रहासची गाठ कोपनहेगनच्या अँडर्सशी पडली. अँडर्स दोन मीटर उंच, खांदे दाराएवढे. चंद्रहास नवशिका म्हणून त्याला दर होलला दोन फटके माफ होते. म्हणजे जो होल अँडर्स चारात संपवेल तो चंद्रहासने सहात संपवला की बरोबरी. ही मोठीच सवलत होती. तरी पहिल्या नऊ होलांनंतर अँडर्स पाच होलांनी पुढे होता. चंद्रहासने दोन चेंडू तळ्यात, एक बांबूच्या बनात आणि एक शेजारच्या शेतातल्या मुळ्यांमध्ये घालवला होता. साध्या कॅनव्हासच्या बुटात पाय ओले झाले होते. मोरीवाकी-सान दुरून बघत होते आणि प्रत्येक वेळी “नाइस शॉट” म्हणत होते, मुळ्यांच्या वेळीही.

जपानात गोल्फ मध्येच थांबवून सगळे क्लबात जेवायला बसतात. ही प्रथा कोणी काढली असेल त्याचं भलं होवो. चंद्रहाससमोर कटलेट आणि आमटीवजा रस्सा घातलेलं भाताचं मोठं ताट आलं. कटलेट डुकराच्या मांसाचं. निमकर शाकाहारी. ताट परत पाठवणं जिवावर आलं, म्हणून त्याने ते समोरच्या अँडर्सकडे सरकवलं. “तुम्ही घ्या ना.”

अँडर्स म्हणाला, “थँक यू,” आणि घेतलं.

चंद्रहास चकित झाला. एकदा विचारल्यावर घेणारा माणूस त्याने इतक्या जवळून प्रथमच पाहिला. त्याच्यातला यजमान जागा झाला. त्याने स्वतःचं सॅलड देऊ केलं. अँडर्सने घेतलं. सूप देऊ केलं. घेतलं. सदानंदरावांनी शेजारच्या टेबलावरून हे पाहिलं आणि तेही आपलं ताट घेऊन मदतीला आले. “घ्या हो, संकोच करू नका. तुमचं वय आहे खायचं.” तन्वीने हे इंग्रजीत सांगितलं. अँडर्स भला माणूस होता, त्याला वाटलं की न घेणं इथे अपमानाचं समजत असतील. त्याने तीन ताटं आणि दोन मोठे ग्लास बिअर संपवली. चंद्रहासच्या मनात कपट नव्हतं, हे इथे स्पष्ट सांगितलं पाहिजे. कपट करायला जी हुशारी लागते ती असती तर तो तेव्हाच ओसाकाला गेला असता.

जेवणानंतर अँडर्सची चाल मंदावली. अकराव्या होलला त्याला जांभई आली. तेराव्याला तो चेंडू ठेवायला वाकला आणि बराच वेळ वर आला नाही. चंद्रहासचा चेंडू मात्र त्याच्या स्वभावाप्रमाणे भीत भीत, थोडा थोडा, सरळ पुढे जात राहिला. एकेक होल परत येत गेला. अठराव्या होलपाशी दोघं पोचले तेव्हा दोघांची बरोबरी होती, आणि बाकीचे अकरा सामने संपून, बरोबरीचा अर्धा गुण धरून, पाटीवर साडेपाच-साडेपाच लागले होते. म्हणजे दोन खंडांमधली लढत आता कोथरूडच्या चंद्रहास निमकरवर येऊन ठेपली होती. सगळे येऊन हिरवळीभोवती उभे राहिले. चैत्रालीने डोळे मिटले होते. तन्वी नखं खात होती.

अँडर्सने तो होल सहात संपवला. चंद्रहासचे सहा फटके झाले होते आणि चेंडू खड्ड्यापासून वीतभर अंतरावर होता. हा एक आत ढकलला की सात, त्यातून दोन वजा, पाच. आशिया जिंकला.

इतक्या जवळचा चेंडू कोणी मारायला लावत नाही. अँडर्सने पाहिलं, मनापासून हसून म्हणाला, “हा दिला. उचल चेंडू.” गोल्फमध्ये असा फटका देऊन टाकायची रीत आहे. चंद्रहासला ती माहीत होती. सुशीलने पढवून ठेवली होती. अँडर्स काय म्हणाला तेही त्याला नीट कळलं होतं. सात वर्षांचा पराभव, साहेबांची शेवटची लढत, मार्च महिना, ट्रॉम्बोन, सगळं त्या एका चेंडूत होतं. फक्त वाकून उचलायचा होता.

“नो, नो,” चंद्रहास म्हणाला. “प्लीज. असं कसं? मारतो ना मी.”

आणि त्याने दुसऱ्या आग्रहासाठी क्षणभर वाट पाहिली. अँडर्स खांदे उडवून बाकाच्या शोधात निघालाही होता.

चंद्रहासने काठी धरली. हात सैल की घट्ट, कंबर सैल की घट्ट, काही आठवेना. त्याने ढकलला. चेंडू खड्ड्याच्या काठावरून गोल फिरला, आत डोकावला, आणि जणू तोही निमकरच असावा तसा आत न शिरता पलीकडच्या उतारावरून चार मीटर खाली गेला. तिथून परत यायला त्याला आणखी तीन फटके लागले. मोरीवाकी-सानांनी “नाइस...” एवढंच म्हटलं आणि पुढचा शब्द गिळला.

चंद्रहासला वाटलं, धरणी दुभंगेल तर बरं. त्याने चैत्रालीकडे पाहिलं नाही. तन्वीकडे पाहिलं आणि पाहिलं नसतं तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं, कारण ती रडत नव्हती. शहाण्या मुलीसारखी हसायचा प्रयत्न करत होती.

युरोपाचे लोक एकमेकांना मिठ्या मारणार, तेवढ्यात क्लबचे नियम बघणारे गृहस्थ हात वर करून पुढे आले. थोडी चर्चा करावी लागेल, ते म्हणाले. ती चर्चा बंद खोलीत पंचेचाळीस मिनिटं चालली. बाहेर बसलेल्या चंद्रहासला कोणीतरी चहा विचारला. त्याने नको म्हटलं. मग गृहस्थ बाहेर आले आणि त्यांनी पुस्तकातून वाचून दाखवलं, की प्रतिस्पर्ध्याने दिलेला फटका परत घेता येत नाही आणि नाकारताही येत नाही. दिला म्हणजे दिला. अँडर्स-सान यांनी ‘दिला’ म्हटलं त्या क्षणी सामना संपला. निमकर-सान यांनी चेंडू उचलला असता तरी तेच, तळ्यात फेकला असता तरी तेच. त्यानंतरचे चार फटके घडलेलेच नाहीत. आशिया विजयी.

जल्लोष झाला. अँडर्सने सगळ्यांत आधी येऊन चंद्रहासचा हात दाबला आणि पुन्हा बाकावर जाऊन आडवा झाला. चंद्रहास जिंकला होता, पण त्याची अवस्था चमत्कारिक होती. घराण्याचं ‘नको’ नियमबाह्य आहे, असा निकाल आजवर कोणी दिला नव्हता.

मोरीवाकी-सान जवळ आले. त्यांना आनंद झाला होता, पण एक गोष्ट त्यांना कळत नव्हती. “निमुकारु-सान, तुम्हाला नियम माहीत होता. मग नको का म्हणालात?”

चंद्रहासने सुरुवात केली. “म्हणजे असं आहे...” तेव्हा तन्वी मध्ये आली आणि अस्खलित जपानीत सांगू लागली. आमच्या घरी पहिल्यांदा नको म्हणतात. दुसऱ्यांदाही नको म्हणतात. तिसऱ्यांदा विचारतील म्हणून वाट बघतात. बाबा सगळीकडे वाट बघतात. इथे कोणी तिसऱ्यांदा विचारत नाही. सदानंदरावांनी टेबलावरचं एक संत्रं घेऊन चैत्रालीला देऊ करत सगळं प्रात्यक्षिकच करून दाखवलं. चैत्रालीने दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा घेतलं. ऑफिसचे पाच-सहा जण टिपणं काढत होते.

मोरीवाकी-सानांनी त्या संत्र्याकडे पाहिलं. “ओसाकाच्या वेळी मी किती वेळा विचारलं होतं?”

“एकदा,” चंद्रहास म्हणाला.

“एकदा,” मोरीवाकी-सान म्हणाले. “माझी आजी असंच करायची. माझ्या लक्षात यायला हवं होतं.” आणि ते ओनुकी-सानांना घेऊन कोपऱ्यात गेले.

दहा मिनिटांत नवी कार्यक्रमपत्रिका छापून आली. चषक प्रदान, पाच वाजता. मग कप्तानांचं भाषण. मग: विभागप्रमुखपदासाठी विचारणा, पहिली. नकार, पहिला. विचारणा, दुसरी. नकार, दुसरा. विचारणा, तिसरी. स्वीकार. टाळ्या. प्रत्येकाला एक मिनिट दिलं होतं.

चंद्रहासच्या डोळ्यांत पाणी आलं. सहा वर्षांत त्याच्यासाठी कोणी एवढं केलं नव्हतं. चैत्राली मात्र त्याच्या कानात म्हणाली, “अरे, पहिल्याच वेळी हो म्हणून टाक. मला या कागदाचा भरवसा नाही.” तन्वीने जोरजोरात मान हलवली. तसं चालणार नव्हतं, छापलेलं होतं.

सव्वापाचला मोरीवाकी-सान उभे राहिले. माझ्यानंतर ही जबाबदारी घ्याल का, असं त्यांनी पन्नास लोकांसमोर वाकून विचारलं. चंद्रहास म्हणाला, “नको.” लोकांनी माना डोलावल्या. त्यांनी पुन्हा विचारलं. जी वस्तू हवी म्हणून रात्ररात्र झोप लागली नव्हती तिला दुसऱ्यांदा नको म्हणायला मोठी छाती लागते. “खरंच नको,” तो म्हणाला.

आणि इथे युरोपाचे कप्तान उठले. त्यांना हा प्रकार फार आवडला होता. पत्रिकेत नसताना त्यांनी भाषण सुरू केलं. खंडांमधलं प्रेम, आपलं बालपण, आपला कुत्रा. ओनुकी-सान घड्याळ बघत होत्या, घामाघूम झाल्या होत्या, पण पाहुण्याला थांबवायचं कसं? भाषण संपलं तेव्हा पाच पस्तीस झाले होते. ओनुकी-सान उठल्या आणि म्हणाल्या, की वेळेअभावी उरलेले मुद्दे वगळण्यात येत आहेत. कृपया बसकडे चला.

सगळे उठले. चंद्रहास उठला. त्याने दोनदा नको म्हटलं होतं, पन्नास साक्षीदारांसमोर, आणि ते कागदावर होतं. बसमध्ये चैत्राली खिडकीशी बसली. खाली मोरीवाकी-सान पाहुण्यांना निरोप द्यायला उभे होते. बस हलली तसे ते कमरेत वाकले. इथे बस दिसेनाशी होईपर्यंत वर बघत नाहीत.

“थांबवा,” चंद्रहास म्हणाला. वाहन चालू असताना कृपया उभे राहू नये, ड्रायव्हरने अदबीने सांगितलं. चंद्रहासने दुसऱ्यांदा सांगितलं. तिसऱ्यांदा तो ओरडला, आणि इतका मोठा आवाज आपल्या नवऱ्यात आहे हे चैत्रालीला त्या दिवशी कळलं. फाटकाशी बस थांबली. तो उतरला आणि ओल्या बुटांनी पळत परत आला.

मोरीवाकी-सान वाकलेलेच होते. त्यांना फक्त कॅनव्हासचे दोन बूट दिसले. समोरचा वाकलेला म्हटल्यावर आपण ताठ उभं राहणं बरं नव्हे, म्हणून चंद्रहासही धापा टाकत वाकला. दोघांची डोकी एकमेकांना लागली.

“निमुकारु-सान,” वर न बघता मोरीवाकी-सानांनी तिसऱ्यांदा विचारलं, “ही जबाबदारी घ्याल का?”

“हो,” चंद्रहास म्हणाला. घाईत ते मराठीतच निघालं. मोरीवाकी-सानांना कळलं.

मागून ओनुकी-सान पळत आल्या. त्यांनी घड्याळ पाहिलं, ‘स्वीकार’समोर पाच बेचाळीस असं लिहिलं आणि खूण केली. मग तिघांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, कारण पत्रिकेत पुढे टाळ्या होत्या.